कार्डावरचे चार दिवस

कॉपी मी आयुष्यात शेकडो वेळा पकडली, केली मात्र एकदाच. तीही परीक्षेत नव्हे, माझ्या पोटच्या मुलीच्या कार्डावर. आणि पकडली गेले ती इतक्या बावळट चुकीमुळे, की माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्यांनीसुद्धा माझ्यावर हसावं.

मी लातूरला गणित शिकवते, मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये. लातूर म्हणजे क्लासेसचं गाव. भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो, आणि सोयरीक जुळवायला आलेला माणूससुद्धा पाणी प्यायच्या आधी विचारतो, ‘किती टक्के पडले होते?’ अशा गावात सव्वीस वर्षं लाल पेन हातात धरल्यावर माणसाला जगच उत्तरपत्रिकेसारखं दिसायला लागतं. मला तरी दिसायला लागलं होतं. त्यात माझा स्वभाव तापट. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत माइकशिवाय जातो आणि राग त्याच्याही पुढे जातो, असं मुलं माझ्यामागे म्हणतात. मला ते ऐकू येतं.

माझी मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. लहानपणापासून तिचं सगळं टोकाचं. मैत्रीण झाली की जीव की प्राण, आणि त्या मैत्रिणीनं एक फोन उचलला नाही की जगबुडी. सकाळी मी जगातली सगळ्यात चांगली मम्मी असायची, दुपारी ‘जेवलीस का’ एवढं विचारल्यावर वैरीण व्हायची. कॉलेज दोनदा बदललं. आणि राग आला की तो दुसऱ्यावर काढायच्या आधी ती स्वतःवर काढायची. दोनदा तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. ते तिचं आहे.

मी काय करत होते? मी म्हणत होते, ‘नाटकं करते.’ तिच्या तोंडावर म्हणत होते. तिचे पप्पा माझ्याहून शांत, पाटबंधारे खात्यात नोकरीला, दहा दिवसांची विपश्यना दोनदा केलेले. आमच्या घरात बुद्धवंदना रोजची. ते तिला म्हणायचे, ‘बेटा, श्वासाकडे बघ.’ ती म्हणायची, ‘पप्पा, श्वासच घेता येईना, तर बघू काय?’

एका डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, दुसऱ्यांनी आणखी काही. तिसरे डॉक्टर लातूरचेच. त्यांनी तिचं म्हणणं तासभर ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं : बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. म्हणाले, गोळ्यांचा थोडा आधार होईल, पण खरं काम बोलण्यातून आणि शिकण्यातून होतं, त्यासाठी नांदेडला एक मॅडम आहेत त्यांच्याकडे जा. मला त्या नावाचाच संताप आला. व्यक्तिमत्त्वाचाच आजार म्हणजे काय? म्हणजे एखाद्या विषयात नाही, पोरगीच सगळी नापास? मुलगी मात्र बाहेर येऊन पहिल्यांदाच शांतपणे म्हणाली, ‘म्हणजे याला नाव आहे. म्हणजे माझ्यासारखे अजून आहेत.’

नांदेडच्या त्या मॅडम एका दाताच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत बसायच्या. खाली दात कोरायच्या मशीनचा आवाज, वर आमची रडारड. किनवटकडच्या होत्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या, पुढे हैदराबादला जाऊन हे उपचार शिकून आलेल्या. कागदावर लिहायच्या तेव्हा स्वच्छ प्रमाण मराठी, बोलायला लागल्या की किनवट, ‘हो’ला ‘हाव’. मी त्यांना मॅडम म्हणायची, त्या मला मॅडम म्हणायच्या, आणि माझी मुलगी आम्हा दोघींकडे बघून पहिल्याच दिवशी हसली. मला तेवढ्यानंच बरं वाटलं.

‘हिचा तवा लवकर तापतो,’ मॅडम मला म्हणाल्या. ‘जास्त तापतो, अन् थंड व्हायला टाइम लागतो. जन्मापासून तसाच हाय. ती मुद्दाम करून नाही राहिली.’

‘मी तिला किती समजावते,’ मी म्हणाले.

‘कसं समजावता?’

‘म्हणते, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय रडायचं?’

‘हाव. म्हंजे तापल्या तव्यावर पाणी मारता. तवा तर थंड होत न्हाई, अन् वाफेनं हात भाजतो तो तुमचाच.’

मला हे लागलं. सव्वीस वर्षं मी समजावून सांगण्यासाठी प्रसिद्ध होते. पण घरी जाताना अहमदपूरपर्यंत मी तोच तवा डोळ्यांसमोर आणत होते आणि माझ्या लक्षात आलं की या बाईनं माझ्या मुलीचं वर्णन एका वाक्यात केलं, आणि त्या वाक्यात तिला एकही शिवी नव्हती. मला बावीस वर्षांत ते जमलं नव्हतं.

मी मास्तरीण, त्यामुळे पुढच्या खेपेला प्रश्नांची यादी घेऊन गेले. हाच उपचार कशावरून? मॅडमनी न चिडता सांगितलं, की या आजारावर उपचार एकाच जातीचे नाहीत. एकात स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चाललं असेल ते ओळखायला शिकवतात. एकात लहानपणापासून मनात घट्ट बसलेल्या समजुती उकलतात. एकात रुग्ण आणि उपचार करणारा यांच्यात जे घडतं त्याचाच अभ्यास करतात. त्यांचा स्वतःचा उपचार दोन गोष्टी एका वेळी धरणारा : तू आहेस तशी समजण्यासारखी आहेस, आणि तुला बदलावंही लागेल. त्यासाठी आठवड्यातून एकदा मॅडम आणि मुलगी दोघींनी बोलायचं, एकदा सगळ्यांबरोबर वर्गात बसून भावना सांभाळायची कौशल्यं शिकायची, आणि अडचण आली तर मधल्या दिवशी फोन करायचा. ‘बाकीचे बी चांगलेच हायेत,’ त्या म्हणाल्या, ‘मला हा येतो.’ आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे इतक्या सरळ सांगणारी शिक्षिका मी आमच्या स्टाफरूममध्ये अजून बघितलेली नाही. आरशातही नाही.

मग करार झाला. खराखुरा, कागदावर. मॅडम मुलीला म्हणाल्या, ‘एक वर्ष. वर्षभर जिवंत राहून माझ्यासंग काम करायचं. जमंल?’ मुलीनं कागद स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाली, ‘प्रयत्न करीन.’ मॅडम म्हणाल्या, ‘प्रयत्न लिहू का, हाव लिहू?’ ती म्हणाली, ‘हाव लिहा.’ मॅडमनी ती दोन अक्षरं लिहीपर्यंत मी त्यांच्या पेनावरची नजर हलवली नाही. करारात एक नियम होता : लागोपाठ चार आठवडे आली नाही, तर वर्ष संपेपर्यंत उपचार बंद. आणि एक अट मुलीनं घातली, ‘कार्ड मम्मी बघणार नाही.’ मॅडमनी तीही लिहिली. खाली आम्ही तिघींनी सह्या केल्या.

कार्ड म्हणजे रोज भरायचा एक तक्ता. दुःख, राग, भीती, लाज, आनंद, प्रत्येकाला शून्य ते पाच. त्याखाली दोन रकाने : स्वतःला इजा करावीशी ‘वाटलं’ किती, आणि ‘केलं’ का. वाटणं आणि करणं यांत अंतर असतं आणि त्याच अंतरात सगळा उपचार बसतो, असं मॅडम सांगायच्या. मी मात्र पहिल्या दिवशी विचारलं होतं, ‘पाच म्हणजे चांगलं ना?’ मुलगी म्हणाली, ‘मम्मी, दुःखात मला पाचपैकी पाच आहेत. बघ, एका तरी विषयात पैकीच्या पैकी.’ मॅडम आणि ती दोघी खो खो हसल्या, आणि मी एकटी तोंड वाकडं करून बसले.

दर शनिवारी पहाटे आम्ही लातूरहून एसटी पकडायचो. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून मी मुख्याध्यापकांना सांगून वर्षभरासाठी माझे तास इकडचे तिकडे करून घेतले होते. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचेपर्यंत कंबर सुन्न व्हायची. आधी तिचा तास आणि मग वर्ग. पहिला अर्धा वर्ग घरच्यांनाही बसायचं असायचं. पहिल्या वर्गात मला वाटलं फळा असेल, वह्या असतील. मॅडमनी प्रत्येकासमोर एक ताट ठेवलं, ताटात तुरीची डाळ. म्हणाल्या, ‘खडे निवडायचे. फक्त निवडायचं. दुसरा विचार आला तर आला म्हणायचं, अन् पुन्हा डाळीकडं यायचं.’ लातूरच्या बाईला डाळ निवडायला नांदेडला बोलावलं, असं म्हणून मी मनातल्या मनात हसले. दोन मिनिटांत माझ्या डोक्यात नववीच्या उत्तरपत्रिका, गॅसचं सिलिंडर आणि जावेचं एक जुनं बोलणं येऊन गेलं. बाजूला माझी मुलगी मान खाली घालून एकेक दाणा सरकवत होती. जी दहा मिनिटं एका जागी बसत नव्हती, ती वीस मिनिटं बसली. तिच्या पप्पांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे विपश्यनाच की.’ मुलगी म्हणाली, ‘हो पप्पा, पण यात वरण मिळतं.’

आता माझी चूक कुठून सुरू झाली ते सांगते. मला वाटलं, हा क्लासच आहे. आणि क्लास म्हटल्यावर लातूरच्या माणसाला काय सुचणार? मी वेळापत्रक केलं. सकाळी साडेसहा ते सात कौशल्यांची उजळणी. भिंतीवर तक्ता. रविवारी दहा मार्कांची चाचणी : ‘राग अनावर झाल्यास करावयाच्या कोणत्याही चार गोष्टी लिहा.’ मुलीनं पहिल्या चाचणीच्या उत्तरात लिहिलं, ‘एक, परीक्षकापासून लांब जाणे.’ मी तिला अर्धा मार्क दिला. मॅडमना कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. ‘मॅडम, तुमी पोरीला वाचवायला निघालाव, का बोर्डात आणायला?’

तरीही ती शिकत होती. मी त्याची साक्षीदार आहे. हिमायतनगरला माझ्या पुतण्याचं लग्न होतं. मांडवात कुणीतरी तिला विचारलं, ‘दोन कॉलेजं सोडली म्हणे?’ मला तिचा चेहरा बदललेला दिसला. पूर्वी यापुढे काय व्हायचं ते मला पाठ होतं. ती उठली, मंडपामागे गेली. तिथे थंड पाण्याच्या बाटल्या ठेवलेला बर्फाचा टब होता. तिनं केस मागे धरले, श्वास रोखला आणि तोंड त्या पाण्यात बुडवलं. मॅडमनी शिकवलेलंच होतं, गार पाण्यानं शरीर आधी शांत होतं. दोनदा केलं. माझी मोठी नणंद ओरडली, ‘अगं बाई, पोरीला लागीर झालं का काय!’ मी म्हणाले, ‘वन्स, तिचा पेपर चालू आहे, बोलू नका.’ मुलीनं ओढणीनं तोंड पुसलं, पंगतीत येऊन बसली आणि दोन वाट्या मठ्ठा प्यायली. त्या मांडवात नवरदेवापेक्षा मला तिचं कौतुक वाटत होतं. मोठमोठ्या परीक्षांचे निकाल मी पाहिले आहेत, पण कुणाच्या निकालानं माझे डोळे असे भरून आले नव्हते.

पाचवा महिना होता. शनिवारची पहाट. ती अंघोळीला गेली होती आणि मी तिच्या पिशवीत डबा ठेवत होते. कार्ड वरच होतं. बघायचं नव्हतं. सही केली होती. मी बघितलं.

मंगळवार ते शुक्रवार, चार दिवस कोरे.

कोरा कागद मला बघवत नाही, हा धंद्याचा दोष. मला वाटलं, मॅडम म्हणतील ही पोरगी मनावर घेत नाही. मला वाटलं, काढून टाकतील. आणि मी काय करावं? मी पेन घेतलं आणि चारही दिवस भरून टाकले. राग दोन, भीती एक, इजा करावीशी वाटलं : एक. केलं : नाही. काठावर पास होणाऱ्या मुलांना आम्ही कधीकधी ढकलतो तसं, हळूच, खाडाखोड न करता. झाकली मूठ सव्वा लाखाची. कार्ड परत ठेवलं आणि डब्यावर झाकण लावलं.

तिनं कार्ड न बघताच मॅडमकडे दिलं. बघायचं काय होतं? तिच्या लेखी ते कोरं होतं.

मला बाहेरून आत बोलावलं तेव्हा कार्ड टेबलावर होतं. मॅडमनी ते माझ्याकडे फिरवलं. मुलीचे आकडे सगळे इंग्रजी, कारण ती सेमी इंग्रजीत शिकलेली. माझे चार दिवस देवनागरी. सव्वीस वर्षांच्या सवयीनं मी सुबक, वळणदार १ आणि २ काढून ठेवले होते. बोलली ती मुलगी.

‘हे चार दिवस मला पेन धरवत नव्हतं,’ ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता, तेच भयंकर होतं. ‘पाच होते, मम्मी. चारही दिवस पाच. आज इथं येऊन सांगायचं म्हणून मी शुक्रवारपर्यंत पोचले. आणि तू एक लिहिलंस.’ मग ती उठली. ‘मी मेले असते तरी तू एकच लिहिलं असतंस.’

ती जिना उतरून गेली. मॅडम माझ्याकडे न बघता तिच्यामागे गेल्या. जिन्याच्या पायरीवर त्या दोघी किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे, मला वरून नुसती दोन डोकी दिसत होती आणि खालच्या मशीनचा आवाज येत होता. मॅडम वर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, ‘आज अन् उद्याचं काय करायचं ते आमचं ठरलंय. मिस्टरांना पण सांगा, घरी कुणीतरी संग राहा. तिनं मला शब्द दिला, मी तिचं खरं मानते.’ परतीच्या एसटीत ती पुढच्या सीटवर बसली आणि मी मागे. लातूर येईपर्यंत तिची वेणी बघत होते.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. मी एकटी गेले. मॅडमसमोर बसून मी रडले आणि मग, रडून भागेना म्हणून, भांडले. त्यांनी एक कागद घेतला आणि उजव्या टोकाला लिहिलं, ‘कार्ड भरलं.’ म्हणाल्या, ‘याच्या आधी काय झालं?’ कोरं दिसलं. ‘त्याच्या नंतर मनात काय आलं?’ तुम्ही तिला काढून टाकाल. ‘काढलं तर?’ तिला कुणीच उरणार नाही. ‘मग?’ त्या थांबल्या. त्यांच्यासारखं थांबणं मला कुणाचं माहीत नाही. वर्गात मी पाच सेकंदांच्या वर कुणाची वाट बघत नाही. शेवटी मी म्हणाले, ‘तिनं तिथे पाच लिहिलं असतं तर मला ते वाचणं झेपलं नसतं. मला खरा आकडा नको होता.’

‘हाव,’ मॅडम म्हणाल्या. माझ्या एकेका उत्तराची त्या कागदावर कडी जोडत होत्या, त्या साखळीची शेवटची कडी त्यांनी काढली. ‘आईला भीती वाटली, हे बरोबरच हाय. अन् जे केलं ते चूक हाय. दोन्ही खरं.’ मला आयुष्यात कुणी एका दमात असं बरोबर आणि चूक दोन्ही दिलं नव्हतं. मी स्वतः तर कुणालाच दिलं नव्हतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढलं. ‘हे आता तुमचं. रोज भरायचं. अन् तिला या म्हणून आग्रह करायचा न्हाई.’

‘चार आठवड्यांचा नियम तेवढा...’ मी म्हणाले.

‘न्हाई मॅडम. तो मी मोडला तर तिला वाटंल, मी बी तिच्या नावावर माझ्या मनाचा आकडा टाकून राहिले. मी तिला दर मंगळवारी मेसेज करीन. यायचं ते तिनंच.’

दुसरा शनिवार गेला. तिसरा गेला. मुलगी पप्पांशी बोलायची, जेवायची, तिच्या खोलीचं दार लोटून घ्यायची. माझ्याशी कामापुरतं. चौथ्या शनिवारनंतर सगळं संपणार होतं आणि माझ्या ओठांवर सारखं यायचं, ‘अगं चल ना.’ मी ते गिळायची. ज्या बाईचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो तिनं गप्प राहणं म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत. माझं कार्ड मी फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलं होतं. तिचं मी चोरून वाचलं, निदान माझं उघडं असू दे, एवढाच हेतू होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी शाळेतून आले, पाणी प्यायला फ्रिज उघडणार, तर कार्डावर लाल शाई. माझं लाल पेन. बुधवारी मी राग दोन लिहिला होता. त्यावर काट मारून शेजारी इंग्रजी पाच, आणि बारीक अक्षरात, ‘मी घरातच होते. दोन कुकर आपटलेस.’ गुरुवारची भीती तीन होती, तिथे प्रश्नचिन्ह. लाजेचा रकाना मी आठवडाभर कोराच ठेवला होता. त्याच्याखाली रेघ ओढून लिहिलं होतं, ‘अपूर्ण.’

पहिल्यांदा मला संताप आला. माझा पेपर तपासते! मग मी तिथेच, फ्रिजला टेकून, हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. सव्वीस वर्षांत मी हजारो उत्तरपत्रिकांवर ‘अपूर्ण’ लिहिलं असेल. ते वाचणाऱ्याला कसं वाटतं हे आज कळलं, आणि गंमत म्हणजे वाईट नाही वाटलं. कुणीतरी माझा पेपर पूर्ण वाचला होता. मी पेन घेतलं आणि लाजेच्या रकान्यात सोमवार ते शुक्रवार, पाचही दिवस पाच भरले. खरे पाच.

तिच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं नाही.

दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार. मी पहाटे उठले, दोन डबे भरले, एकच पिशवीत ठेवला आणि दुसरा ओट्यावर. तिला उठवलं नाही. पप्पा उंबऱ्यापर्यंत आले, माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली. मी चपला घालत होते तेव्हा मागून आवाज आला, ‘दुसऱ्या डब्यात काय आहे?’

‘मेथीची भाजी, भाकरी,’ मी म्हणाले. मागे वळून बघितलं नाही, इतकी मी घाबरले होते.

‘थांब मग. वेणी घालू दे.’

एसटीत या वेळी ती माझ्या शेजारी बसली. लोह्याच्या थोडं आधी तिनं पिशवीतून तिचं कार्ड काढलं. या आठवड्याचं, कोरं. मांडीवर ठेवलं आणि सोमवारपासून भरायला लागली. गाडी हिंदकळत होती, ती मध्येच थांबायची, आठवायची, पुन्हा लिहायची. तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. नुसती मान एक इंच वळवली असती तर मला सगळं दिसलं असतं. इजा करावीशी वाटलं किती, एक का पाच, हे सगळं माझ्यापासून एका वितीवर होतं. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या कागदाकडे बघण्यात गेलेलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुरीची शेतं आली, एक वीटभट्टी आली, बंद पडलेला पेट्रोल पंप आला. मी ते सगळं डाळ निवडावी तसं एकेक करून बघितलं.

तिनं पेनाचं टोपण लावल्याचा आवाज आला. कार्ड घडी करून पिशवीत गेलं. मग मी माझं कार्ड काढलं आणि तिच्याकडे हात पुढे केला. तिनं लाल पेन दिलं. शनिवारच्या चौकोनात, धक्के सांभाळत, मी लिहिलं : बघावंसं वाटलं, ५. बघितलं, नाही.

ती वाकून वाचत होती. माझं वाचायची तिला परवानगी होती.